न भेटणारा परीक्षक

एसएसबीच्या, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, पाच दिवसांत एका उमेदवाराला तिघं जण पारखतात. मुलाखत घेणारा अधिकारी समोर बसून बोलतं करतो. जीटीओ, म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, मैदानावर फळ्या, दोरखंड आणि पिंपं देऊन अडथळे ओलांडायला लावतो. तिसरा मानसशास्त्रज्ञ. तो उमेदवाराशी समोरासमोर सहसा बोलतच नाही. त्याच्या टेबलावर असतो चेस्ट नंबर टाकलेला, घाईघाईत लिहिलेल्या कागदांचा डॉसिअर. मनसा, वाचा, कर्मणा अशी या तिघांची वाटणी लष्करातलेच लोक सांगतात. त्यातलं मन ज्याच्या वाट्याला येतं, त्याने ते कागदावरच शोधायचं.

कागदावर काय असतं? बारा चित्रांवरच्या बारा गोष्टी. प्रत्येक चित्र तीस सेकंद पडद्यावर दिसतं आणि गोष्ट लिहायला चार मिनिटं मिळतात. बारावं चित्र कोरंच असतं. मग साठ शब्द, दर पंधरा सेकंदांना एक. डोक्यात पहिलं येईल ते वाक्य लिहायचं आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. मग साठ प्रसंग आणि त्यांच्यासाठी अर्धा तास. शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःविषयी: आईवडील काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, आणि तुझं तुझ्याबद्दल काय मत आहे.

सैन्यात अधिकारी म्हणून कोणाला घ्यायचं याचा बराचसा निकाल या मजकुरात दडलेला असतो, आणि तो वाचणाऱ्या माणसाबद्दल मराठीत जवळपास काहीच लिहिलेलं नाही. रणगाड्यांवर पुस्तकं आहेत, हेरांवर कादंबऱ्या आहेत, सेनापतींची चरित्रं तर मुबलक. राष्ट्रीय सुरक्षेच्या कामात आयुष्य घालवणारा मानसशास्त्रज्ञ मात्र आपल्या वाचकाला ठाऊकच नाही. त्याची ओळख करून द्यायला पुण्याची सदाशिव पेठ ही जागा वाटते तेवढी आडवळणाची नाही.

या पेठेला नावच एका सेनापतीचं आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ माधवराव पेशव्यांनी ती वसवली. भाऊ उतावळे होते की नाइलाजाने लढले, हट्टी होते की एकाकी पडले, याचा खल इथल्या ओट्यांवर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कुठलीही चाचणी न घेता एका सेनानीचं व्यक्तिमत्त्व-परीक्षण इतका काळ चालवणारी दुसरी वस्ती क्वचितच सापडेल.

आजची पेठ अभ्यासिकांची. पेरूगेटपासून टिळक रस्त्यापर्यंत कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी मुलंमुली एमपीएससी आणि यूपीएससीचा अभ्यास करतात, आणि त्यांच्यातच काही एनडीए-सीडीएसवाले असतात. त्यांची भाषा वेगळी. ‘स्क्रीन्ड आउट झालो’, ‘कॉन्फरन्स आउट झालो’, ‘दुसऱ्या अटेम्प्टला रेकमेंड झालो’. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, इथून तासाभराच्या अंतरावर असली तरी तिथे पोचायची वाट भोपाळ, प्रयागराज, बंगळूर किंवा जालंधरच्या निवड मंडळातून जाते. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावांनी सैन्याला शिपाई भरभरून दिले, अधिकारी मात्र त्या मानाने कमी. ही उणीव सरकारलाही डाचत होती. म्हणून तर राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली.

लेखी परीक्षा पाठांतराने निघते. मानसशास्त्रज्ञाचे कागद पाठांतराने निघत नाहीत असं सगळे सांगतात, आणि तरीही सगळे पाठच करतात. ‘पराभव’ असा शब्द आला तर काय लिहायचं, ‘भीती’ आला तर काय, याच्या तयार वाक्यांच्या झेरॉक्स हातोहात फिरतात. एक नमुन्याचा प्रसंग घ्या. ‘तो परीक्षेला निघाला होता. वाटेत अपघात झालेला माणूस दिसला. तो...’ पाठ केलेलं उत्तर ठरलेलं: त्याने जखमीला रुग्णालयात नेलं, घरच्यांना कळवलं, रक्त दिलं आणि वेळेवर पोचून परीक्षेत पहिला आला. अर्ध्या मिनिटात हे सगळं लिहिताही येत नाही, मग करून दाखवायची गोष्ट दूरच. असं उत्तर एकाच तुकडीत दहा डॉसिअरमध्ये सापडलं की वाचणाऱ्याला त्यातून उमेदवाराबद्दल काही कळत नाही. क्लास कोणता लावला होता एवढं कळतं. त्यापेक्षा ‘रिक्षा थांबवून त्याला बसवलं, सोबत दुकानदाराला पाठवलं, स्वतः परीक्षेला गेला’ असं साधं उत्तर बोलकं. त्यात वेळेचं भान आहे, दुसऱ्यावर काम सोपवणं आहे, फुशारकी नाही. साठांतलं एखादं उत्तर निर्णायक नसतं. मानसशास्त्रज्ञ शोधत असतो तो साठ उत्तरांत, बारा गोष्टींत आणि स्वतःविषयीच्या त्या पानात पुन्हा पुन्हा उगवणारा धागा. गोष्टीतला नायक प्रत्येक वेळी कोणाच्या तरी मदतीची वाट पाहतो का? त्याला संकट दिसतं पण उपाय सुचत नाही, असं होतं का? पंधरा गुणांची यादी समोर असते. तिला ‘ऑफिसर लाइक क्वालिटीज’ म्हणतात.

यात आणखी एक गोम आहे. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची असतात. शब्द वाचून मनात मराठी वाक्य उमटलेलं असतं आणि पंधरा सेकंद त्याचं इंग्रजी करण्यात जातात. ‘पहिलं मनात आलं ते’ लिहायची चाचणी अशा मुलासाठी ‘दुसरं मनात आलं ते’ लिहायची होऊन बसते. ही तक्रार नेहमी निवड मंडळावर ढकलली जाते, पण तिचा थोडा भार शाळांनीही उचलायला हवा.

ही सगळी पद्धत आली कुठून? महायुद्धांतून. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरतीला आलेल्यांसाठी दोन सामूहिक बुद्धिचाचण्या केल्या. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी ‘अल्फा’ आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ‘बीटा’. दोन युद्धांच्या मधल्या काळात जर्मन सैन्याने अधिकारी निवडीसाठी मानसशास्त्रज्ञांची मोठी यंत्रणा उभारली आणि युद्ध ऐन भरात असताना १९४२ मध्ये ती बरीचशी मोडीतही काढली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्डं’ सुरू झाली. घराणं आणि शाळा पाहून अधिकारी निवडणं पुरेनासं झालं होतं. विल्फ्रेड बिऑन या मनोविकारतज्ज्ञाने तिथे नेता नसलेल्या गटाला काम देऊन कोण कसं वागतं ते पाहायची युक्ती काढली. १९४३ मध्ये हीच पद्धत डेहराडूनच्या प्रायोगिक निवड मंडळात आली आणि पुढे स्वतंत्र भारताने ती ठेवून घेतली. १९४९ मध्ये संरक्षण खात्यात सायकॉलॉजिकल रिसर्च विंग झाली, १९६२ मध्ये तिचं संचालनालय झालं आणि १९८२ पासून दिल्लीतली डीआरडीओची डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च, म्हणजे डीआयपीआर. चाचण्या तयार करणं, निवड मंडळांवरच्या परीक्षकांना घडवणं, उंचावरच्या आणि एकाकी ठाण्यांवरच्या सैनिकांच्या मनाचा अभ्यास करणं ही तिची कामं.

चित्रावरून गोष्ट लिहून घ्यायची कल्पना हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांची, १९३५ची. पुढे मरे यांनी अमेरिकेच्या ओएसएस या हेरसंस्थेसाठी माणसं पारखली. तिथली एक परीक्षा गाजली. उमेदवाराला लाकडी सांगाडा उभारायला सांगत आणि मदतीला दोन गडी देत. गडी आतून परीक्षकांचेच असत. एक ढिम्म बसून राही, दुसरा टोमणे मारून डोकं फिरवी. सांगाडा कोणाचाच पुरा होत नसे. बघायचं असे ते उमेदवाराचं डोकं कितपत ठिकाणावर राहतं एवढंच.

सदाशिव पेठेकडे येणारा धागा मात्र दुसऱ्याच एका अमेरिकनाच्या हातातून येतो. जॉय पॉल गिलफर्ड हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना तळावरच्या मानसशास्त्रीय संशोधन पथकाचे प्रमुख होते. वैमानिक व्हायला आलेल्यांपैकी बरेच प्रशिक्षणात गळत, आणि गळती म्हणजे विमान, पेट्रोल, वेळ, कधी कधी जीवही. एका बुद्ध्यंकाने हा गुंता सुटत नव्हता. विमान चालवणाऱ्याला लागणारी बुद्धी वेगळी, नकाशावरून मार्ग काढणाऱ्याची वेगळी, बॉम्ब टाकणाऱ्याची वेगळी. बुद्धी एक नाही, अनेक क्षमतांचा तो समूह आहे, हे मत या कामात पक्कं झालं. युद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या पैशावर त्यांनी विद्यापीठात तेच काम चालवलं. १९५० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी सर्जनशीलतेकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवलं. त्यांचा बुद्धिरचनेचा नमुना पाच प्रक्रिया, चार आशय आणि सहा फलितं अशा घनाचा होता. गुणाकार केला की १२० क्षमता.

हा घन पुण्यात सदाशिव पेठेत रुजला. १९६२ साली विनायक विश्वनाथ तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. मानसशास्त्राच्या या अभ्यासकाचा हिशेब सरळ होता: देश घडवायला नेतृत्व लागतं, नेतृत्वाला बुद्धी लागते, मग बुद्धिमान मुलं चाचण्या घेऊन शोधा आणि ती समाजासाठी राबतील अशी घडवा. सुरुवातीला शाळा सुटल्यावरचे पूरक वर्ग होते, १९६९ मध्ये प्रशाला झाली. पाचवीच्या प्रवेशासाठी मुलांना मानसशास्त्रीय चाचण्यांना बसवणारी ही शाळा पुण्यातल्या आईबापांना चांगली ठाऊक आहे. त्या चाचणीची धास्तीही. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड यांच्या नमुन्याच्या आधारे चाचण्या मराठी मुलांसाठी तयार केल्या, आणि डॉ. उषा खिरे यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलं गेलं. वैमानिक निवडताना सुचलेला विचार असा दहा वर्षांच्या मराठी पोरांपर्यंत आला.

संस्था सुरू झाली ते वर्षही लक्षात घेण्यासारखं. त्याच १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झालं आणि देशाच्या नेतृत्वाबद्दलचा भोळा विश्वास तडकला. अप्पांची दृष्टी सीमेपुरती नव्हती. उद्योजक, प्रशासक, शास्त्रज्ञ, ग्रामीण कार्यकर्ता, सगळेच त्यांना राष्ट्ररक्षणाच्या कामातले वाटत. निवडक हुशारांचीच शाळा का, हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण ‘राष्ट्रासाठी माणूस निवडणं’ हे मानसशास्त्रज्ञाचं काम आहे, असं मराठी मुलखात इतक्या ठासून दुसऱ्या कोणी मांडल्याचं दिसत नाही.

आता या विद्येचा दुबळेपणा. तो सांगणारा साक्षीदार घरचाच आहे. १९५५ साली एकवीस वर्षांचा डॅनियल काहनेमन इस्रायली सैन्यात लेफ्टनंट होता, आणि मानसशास्त्राची पदवी असल्याने अधिकारी निवडीच्या कामाला लागला होता. ब्रिटिश पद्धतीचीच परीक्षा: आठ अनोळखी जवान, एक लांब ओंडका, एक भिंत, ओंडका भिंतीला न लागता सगळ्यांनी पलीकडे जायचं. कोण पुढे येतो, कोण रुसतो, कोण हार मानतो हे इतकं लख्ख दिसे की परीक्षकांना शंकाच उरत नसे. मग अधिकारी प्रशालेतून त्याच मुलांच्या कामगिरीचे अहवाल येत आणि भाकितं आंधळ्या अंदाजाहून जेमतेम बरी निघत. खरी गंमत पुढे आहे. अहवाल वाचूनही दुसऱ्या दिवशी नव्या तुकडीकडे बघताना खात्री तेवढीच वाटे. काहनेमन यांनी या प्रकाराला अचूकतेचा भ्रम म्हटलं, आणि २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवून देणाऱ्या विचाराची एक मुळी या मैदानात होती. त्यांनी उपायही केला. मुलाखतीत सहा गुण ठरवले, प्रत्येकाला ठोस माहितीवरून स्वतंत्र गुणांकन द्यायचं आणि एकंदर मत सगळ्यात शेवटी बनवायचं. ही पद्धत त्या सैन्यात पुढे कित्येक दशकं टिकली.

आपल्या निवड मंडळातही असा एक अंकुश आहे. तिन्ही परीक्षक आपापलं मत स्वतंत्र ठरवतात आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत ते एकमेकांना सांगत नाहीत. मानसशास्त्रज्ञाची किंमत त्याच्या दिव्यदृष्टीत नाही. तो तिघांतला एक आहे आणि त्याचं म्हणणं खोडलं जाऊ शकतं, यात आहे.  

ही मर्यादा सोडली की काय होतं, त्याचं उदाहरण पुण्याच्याच न्यायालयात घडलं. २००८ च्या जूनमध्ये एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपी तरुणीला दोषी ठरवताना ब्रेन मॅपिंगच्या अहवालाचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून घटनेबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूतल्या विद्युत लहरींवरून ‘अनुभवाची आठवण’ आहे की नाही ते सांगायचं, असं हे तंत्र. जगभर त्याची बातमी झाली. त्याच वर्षी निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ते पुरेसं शास्त्रीय नसल्याचं सांगितलं आणि उच्च न्यायालयाने तरुणीला जामीन दिला. नार्कोचंही तेच. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांसारख्या दहशतवादी खटल्यांत आरोपींना बंगळूरच्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या. वाहिन्यांवर त्यांच्या चित्रफिती झळकल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही.

अमेरिकेत गोष्ट याहून पुढे गेली. २००१ नंतर सीआयएच्या छळ-चौकशीची आखणी दोन मानसशास्त्रज्ञांनी केली. सिनेटच्या २०१४ च्या अहवालानुसार त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. २०१५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या सभासदांना अशा चौकश्यांतून दूर राहण्याचा नियम केला. ज्या संघटनेच्या व्यासपीठावरून गिलफर्ड सर्जनशीलतेबद्दल बोलले होते, तीच ही.

कौटिल्याला हा धोका दोन हजार वर्षांपूर्वी कळला होता. अमात्यांच्या सचोटीची परीक्षा धर्म, अर्थ, काम आणि भय या चार कसोट्यांनी घ्यावी, असं अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात सविस्तर सांगितलं आहे. पण त्याच प्रकरणात एक सावधगिरीही आहे: परीक्षेच्या निमित्ताने निर्मळ माणसाला नासवू नका, पाण्यात विष कालवल्यासारखं ते होईल. मुंबईचे प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत सिद्ध केली. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात तिचं हे एक प्रकरण लावलं तर बिघडणार नाही.

निवड आणि चौकशी यांहून शांत, आणि कदाचित अधिक अवघड, काम तिसरं: जो सैन्यात आहे त्याचं मन सांभाळणं. पुण्यात या कामाची मोठी ठिकाणं आहेत. १९४८ पासूनचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, आहे, तिथला मनोविकार विभाग आहे, आणि १ डिसेंबर २०२३ ला तिथेच सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानस या दूरध्वनीवरच्या समुपदेशन सेवेचा खास कक्ष सुरू झाला. पुण्यातल्याच इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये पलटणीचे धर्मगुरू तयार होतात. जवान मनातलं पहिल्यांदा बोलतो ते पुष्कळदा त्यांच्याशीच. याचं कारण उघड आहे. डॉक्टरकडे गेलं की नोंद होते, नोंद झाली की ‘लो मेडिकल कॅटेगरी’ लागू शकते, आणि ती लागली की बढती आणि नेमणूक अडते. गावाकडे जमिनीचा तंटा, बायकोचं आजारपण, नामंजूर झालेली रजा. जवानाचा ताण बऱ्याचदा सीमेवरून नाही, घरच्या फोनवरून येतो. ऐकून घेणारा मानसशास्त्रज्ञ कोणाचा? समोर बसलेल्या जवानाचा की त्याच्या हाती बंदूक ठेवायची की नाही ते ठरवणाऱ्या कमांडिंग ऑफिसरचा? दवाखाना थाटून बसलेल्या मानसशास्त्रज्ञाला हा प्रश्न क्वचित पडतो. इथे तो रोजचा आहे. महाराष्ट्र एटीएसने जहाल विचारांकडे ओढल्या गेलेल्या काही तरुणांना थेट तुरुंगात न टाकता समुपदेशनाची वाट दाखवली, तिथेही हाच पेच: पोलिसाच्या खोलीत बसून विश्वास कसा कमवायचा?

तर या वाटेला जाऊ पाहणाऱ्या एस. पी. किंवा फर्ग्युसन महाविद्यालयातल्या मुलामुलीने काय धरून चालावं? मानसशास्त्रात एम.ए. हा उंबरठा. डीआरडीओत ‘सायंटिस्ट बी’च्या मानसशास्त्राच्या जागा मोजक्या निघतात, आणि निवड झाल्यावर दिल्लीच्या डीआयपीआरमध्ये किंवा एखाद्या निवड मंडळावर नेमणूक होऊ शकते. मंडळांवरचे सगळे मानसशास्त्रज्ञ मुलकी नसतात. काही गणवेशातलेच अधिकारी डीआयपीआरमध्ये शिकून आलेले असतात. उपचाराकडे जायचं तर पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी लागते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हा आणखी एक रस्ता. संख्याशास्त्राशी वाकडं असणाऱ्याने यातल्या कुठल्याच वाटेला जाऊ नये. चाचणी विश्वासार्ह आहे की नाही ते शेवटी आकडेच सांगतात.

आणि नाव मिळेल ही आशा ठेवू नये. उमेदवाराला नापास का केलं ते सांगायचं नसतं, डॉसिअर कोणाला दाखवायचा नसतो, बरंचसं संशोधन नियतकालिकात छापता येत नाही. जो निवडला गेला तो आपलं श्रेय मुलाखतीला देतो, जो गेला तो खापर ‘सायकॉलॉजी’वर फोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली. २०२२ मध्ये पहिल्या १९ जणी खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी बाहेर पडल्या. त्यांची छायाचित्रं सगळ्या वर्तमानपत्रांत आली. त्यांच्या बारा-बारा गोष्टी आणि साठ-साठ वाक्यं ज्यांनी वाचली, त्यांच्यापैकी कोणाचंच नाव कुठल्या बातमीत नव्हतं, आणि नियमाप्रमाणे ते तसं असणारही नव्हतं.